ऊनसावलीची जमाबंदी

मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर टोकावडे मागे टाकून वैशाखऱ्यापाशी उतरले, की समोर सह्याद्रीची जी अखंड भिंत उभी ठाकते तिच्यात एक खाच दिसते. ती खाच म्हणजे नाणेघाट, आणि त्या खाचेतून बैलांच्या खुरांनी व माणसांच्या टाचांनी दोन हजार वर्षे गुळगुळीत केलेली वाट जिथे संपते, ठाणे जिल्ह्याची हद्द सरून जुन्नर तालुक्याची जिथे लागते, तिथे सातवाहनांची ती प्रसिद्ध गुहा आहे. गुहेच्या डाव्या-उजव्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची ती याददास्त असून तीत गाई, घोडे आणि कार्षापण यांचे जे आकडे खोदले आहेत, त्यांना हिंदुस्थानातील अंकलेखनाच्या इतिहासात फार वरचे स्थान आहे. लेखाच्या आरंभी ज्या देवतांना नमन केले आहे त्यांत इंद्र, संकर्षण-वासुदेव आणि लोकपाल यांच्या पंक्तीला चंद्र-सूर्यही बसले आहेत. आणि ज्या भिंतीवर सूर्याला नमस्कार कोरला आहे, तिच्यावर त्याचा उजेड मात्र हात आखडता घेऊनच येतो, ही गोष्ट तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे.

गेल्या मार्गशीर्षात मी तिथे बसलो असता एक तरुण गुहेत आला. टोकावड्याच्या बाजूचाच, लग्नकार्याचे फोटो काढून पोट भरणारा. त्याने तीन पायांची घोडी मांडली, कॅमेरा बसविला, गुहेच्या आतून बाहेर रोखला आणि कळ दाबली. पाठच्या काचेवर पाहून तो स्वतःशीच म्हणाला, "आकाश जळलं." मग काही आकडे फिरवून त्याने दुसरे चित्र घेतले, या खेपेला कोकणातले डोंगर आणि त्यांवरचे ढग स्वच्छ उतरले, पण भिंती, लेख आणि मी असे सगळेच काजळात बुडालो. "डोळ्याला दोन्ही दिसतंय ना, काका? याला एका वेळी एकच दिसतं," तो म्हणाला, आणि मग तीन वेगवेगळ्या उजेडांची तीन चित्रे घेऊन ती संगणकावर एकात एक कालविण्याच्या तयारीला लागला. या कालविण्याला त्याच्या धंद्यात 'एचडीआर' म्हणतात, आणि तीन चित्रे न घेता एकाच चित्राला तसा मुलामा चढविला तर त्याला 'एचडीआर लूक'. हे त्याला काल-परवाचे शास्त्र वाटत होते. मी त्याला सांगितले नाही, पण त्याची तक्रार शब्दशः मुंबईइतक्या जवळच्या गावी पावणेदोनशे वर्षांपूर्वी नोंदली गेली असणार, आणि तिच्यावरचे इलाजही जवळजवळ तितकेच जुने आहेत.

तक्रारीचे मूळ साधे आहे. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर पडणारा प्रकाश एक लाख लक्सच्या घरात जातो. त्याच वेळी गुहेच्या पाठभिंतीपाशी तो दहा-वीसांवरही येऊ शकतो. म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या उजेडात हजारो पटींचे अंतर. उलट ज्या कागदावर छायाचित्र छापायचे त्याचा पांढऱ्यात पांढरा भाग आणि काळ्यात काळा भाग यांत शंभरेक पटींचे अंतर पडले तरी पुष्कळ झाले, आणि वर्तमानपत्राच्या कागदावर त्याहूनही बरेच कमी. निसर्गाचा वसूल अफाट आणि तिजोरी चिमुकली, असा हा मामला आहे. तेव्हा कोणाचे किती जमा धरायचे आणि कोणाला किती सूट द्यायची, याचा निवाडा कोणीतरी केल्यावाचून गत्यंतर नसते. आपला डोळा हा निवाडा क्षणोक्षणी, आपल्याला न विचारता करतो. आतला अंधार पाहताना बाहुली मोठी करतो, बाहेरचे ढग पाहताना लहान, आणि मेंदू या दोन वेगळ्या नोंदी एकाच पानावर चढवून आपल्याला सांगतो की हे एक दृश्य आहे. माझे वडील मुरबाडच्या कचेरीत कारकून होते. जमाबंदीच्या दिवसांत ते रात्री उशिरापर्यंत जो हिशेब जुळवीत बसत, तो मला हा विषय समजून घेताना नेहमी आठवतो.

छायाचित्रणाची कला मुंबईत रुजली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. 1854 साली तिथे छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, 1855 पासून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विद्येचा वर्ग सुरू झाला, आणि त्या वर्गातून बाहेर पडलेल्या हरिचंद चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्या मंडळींतले. त्या काळची काच ओल्या कोलोडियनची. 1851 मध्ये आर्चर या इंग्रज गृहस्थाने ती रीत प्रसिद्ध केली. काचेवर द्रव ओतायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच धुवायची. चैत्र-वैशाखात आपल्याकडे या साऱ्याला किती मिनिटे मिळत असतील, याची कल्पना ज्याने शहापूरच्या उन्हात वाळत घातलेले धोतर पाहिले आहे त्याला सहज करता येईल. पण ओलेपणापेक्षाही मोठा पेच असा, की ती काच फक्त निळ्या-जांभळ्या प्रकाशाला जागत असे. हिरव्याला जवळजवळ आणि तांबड्याला पूर्णच आंधळी. त्यामुळे आकाश तिच्यावर इतके बेसुमार उमटे, की छापल्यावर ते कोऱ्या कागदासारखे दिसे, आणि झाडे शाईसारखी. ज्या शहापूर महालाला जुन्या दप्तरांत कोळवण म्हणत, त्या साग-ऐनांच्या रानाचे असे चित्र कसे उतरत असेल? खाली डांबर, वर चुना, मधे काहीच नाही.

यावर पहिला इलाज निघाला तो सरळ-सरळ जोडकामाचा. फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे याने 1856-57 च्या सुमारास समुद्राची जी चित्रे केली त्यांतल्या काहींत पाण्याची काच निराळी आणि आकाशाची निराळी असून दोन्ही एकाच कागदावर छापल्या आहेत. लोकांनी ती पाहून तोंडात बोटे घातली. पुढे ढगांच्या काचांचा साठा करून ठेवणे ही छायाचित्रकारांची रीतच झाली आणि एकच ढग कधी या डोंगरावर, कधी त्या नदीवर तरंगू लागला. जाणकारांना हसू येई ते अशासाठी, की खाली झाडांच्या सावल्या पूर्वेला पडलेल्या असत आणि वर ढगांना ऊनही पूर्वेकडूनच लागलेले असे. मुंबईतही जोडकाम चालत होते, आणि तेही मोठ्या जिद्दीने. विल्यम जॉन्सन याने मुंबईतल्या जातीजमातींच्या चित्रांचे दोन खंड 1863 आणि 1866 मध्ये लंडनला प्रसिद्ध केले. त्यांत माणसे एकीकडे टिपलेली आणि त्यांच्या पाठीमागचे देखावे दुसरीकडचे. माणसांच्या आकृती देखाव्यांवर बेमालूम बसविलेल्या. बेमालूम म्हणजे त्या काळाच्या मानाने. आज नीट पाहिले तर आकृतीभोवती एक बारीक कड दिसते आणि माणूस त्या गावचा नाही हे कळून चुकते. या कडेकडे मी पुढे पुन्हा वळणार आहे.

त्याच वर्षांत आपल्या तालुक्यांत आगगाडी येत होती. कल्याणहून वासिंदपर्यंत गाडी 1855 च्या 1 ऑक्टोबरला धावली, वासिंद ते आसनगाव हा टप्पा 1860 मध्ये झाला, आसनगाव ते कसारा 1861 च्या आरंभी. आणि थळघाट चढून इगतपुरीला पोहोचायला 1865 उजाडले. कसाऱ्याच्या पुढे सदतिसास एक अशी ती चढण, ते बोगदे आणि एहेगावच्या दरीवरचा तो उंच पूल यांचे त्या काळच्या लोकांना भारी अप्रूप, आणि म्हणून त्यांची चित्रेही निघाली. ही जुनी चित्रे पाहताना मला एक चाळा लागला आहे: मी प्रथम आकाश पाहतो. बहुधा तिथे काहीच नसते. ज्याला दगडी खांबांचा सांधा न् सांधा दाखवायचा होता त्याने खांबांना पुरेल इतका वेळ काच उघडी ठेवली आणि आकाशाला खुशाल जळू दिले. कंपनीला पुलाचे चित्र हवे होते, ढगांचे नव्हे. शहापूर तालुक्यात तानसेचे धरण बांधले गेले आणि 1892 मध्ये व्हाइसरॉय लॅन्सडाऊन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन होऊन मुंबईला पाणी गेले, तोवर काचा सुक्या झाल्या होत्या, वेग वाढला होता, पण हा पक्षपात संपला नव्हता. धरणाची पांढरी भिंत, काळे रान आणि चकाकते पाणी यांपैकी कोणाची बाजू घ्यायची, हे छायाचित्रकाराला पट्टी उघडण्याआधी ठरवावेच लागे.

पुराणवस्तूंच्या अभ्यासकांनी तर या भांडणातून अंगच काढून घेतले. नाणेघाटच्या लेखाकडे 1828 साली विल्यम साइक्स याचे लक्ष गेले, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याच्या वाचनावर आणि विशेषतः अंकांवर आपली विलक्षण बुद्धी खर्च केली, आणि 1883 मध्ये ब्यूलरने तो पश्चिम हिंदुस्थानच्या पुरातत्त्व अहवालात सविस्तर प्रसिद्ध केला. अशा लेखांची विश्वासू प्रत म्हणून ज्या गोष्टीवर विद्वानांची भिस्त असे, ती म्हणजे ठसा. कागद ओला करून खडकावर चिकटवायचा, कुंचल्याच्या केसाळ तोंडाने ठोकून ठोकून अक्षरांच्या खाचांत उतरवायचा, आणि मग वरून शाईचा बोळा फिरवायचा. उंच भाग काळा होतो, खाच पांढरी राहते. या पद्धतीला उजेडाची गरजच नाही. मध्यरात्री पलित्याच्या आधाराने घेतलेला ठसा आणि दुपारी घेतलेला ठसा यांत तिळमात्र फरक पडत नाही. ज्यांना चित्रच हवे होते, त्यांनी उजेडाची वाटणी बदलण्याचा खटाटोप केला. अजिंठ्या-वेरूळच्या लेण्यांत दारापाशी आरसा किंवा पत्रा धरून आणि आत पांढरे कापड पसरून सूर्याचा कवडसा भिंतीवर फेकण्याची युक्ती आपल्यापैकी अनेकांनी चौकीदारांकडून पाहिली आहे. मला ती अत्यंत प्रामाणिक वाटते. तीत चित्राला हात लावलेला नसतो. सूर्यालाच जरा आत येण्याची विनंती केलेली असते.

मधला काळ मी भराभर ओलांडतो, कारण तो रसायनशास्त्राचा आहे आणि माझा अधिकार बेताचा. 1871 मध्ये मॅडॉक्सने जिलेटिनची सुकी काच सुचविली. 1873 मध्ये फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाला काचेत रंग मिसळून तिला हिरव्याचे ज्ञान देता येते असे आढळले. 1890 मध्ये हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी प्रकाश किती दिला म्हणजे काळिमा किती चढतो याची वक्ररेषाच आखून दाखविली, आणि जी गोष्ट तोवर हातखंडा होती ती मोजणीच्या कक्षेत आली. 1940 च्या सुमारास अमेरिकेत ॲन्सेल ॲडम्सने फ्रेड आर्चरच्या साथीने गडद काळ्यापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंत अकरा प्रतींची विभागणी केली आणि दृश्यातला कोणता भाग कोणत्या प्रतीत घालायचा हे आधी मनात ठरवून मगच कळ दाबावी असा दंडक घातला. जमिनीची प्रतवारी लावून मग आकार बसवायचा, ही आपल्याकडच्या पैमाईशखात्याची रीत ज्याला ठाऊक आहे त्याला या पद्धतीत नवीन काही शिकावे लागणार नाही.

या साऱ्या शास्त्राचे तालुक्याच्या गावी जे रूप पोहोचले ते मी स्वतः पाहिले आहे. मी शाळेत असताना शहापूरच्या बाजारपेठेत एका अरुंद जिन्याच्या वर एक फोटो स्टुडिओ होता. समोर पडदा, त्यावर रंगविलेला जिना आणि कुंडी, दोन बाजूंना दिवे, आणि पाठीमागे काळा कपडा लावलेली एक खोली. त्या खोलीत मला एकदा प्रवेश मिळाला तो माझ्या मामांच्या लग्नातले एक चित्र मोठे करून घ्यायचे होते म्हणून. लग्न मांडवाबाहेर, वैशाखातल्या उन्हात लागलेले. नवरदेवाचा फेटा आणि सदरा पांढरे, चेहरा सावळा, आणि मुंडावळ्यांची सावली बरोबर डोळ्यांवर. लाल दिव्याच्या अंधुक उजेडात स्टुडिओवाल्या काकांनी यंत्रातून खाली कागदावर प्रकाश सोडला, आणि तारेच्या टोकाला चिकटविलेली पुठ्ठ्याची एक लहानशी टिकली हातात घेऊन ती ते नवरदेवाच्या चेहऱ्यावर हलवू लागले. सतत, थरथरल्यासारखी, कारण क्षणभर जरी ती स्थिर राहिली तर तिची कड कागदावर उमटेल. "चेहऱ्याला सावली दिली की चेहरा उजळतो," ते म्हणाले. निगेटिव्हच्या राज्यात सगळा न्याय उलटा असतो, हे मला त्या वाक्याने कळले. मग त्यांनी दिवा पुन्हा लावला, दोन्ही तळहात जोडून बोटांमध्ये एक भोक ठेवले, आणि त्या भोकातून प्रकाशाची धार फक्त सदऱ्यावर धरली. कागद औषधाच्या ताटात गेला आणि पांढऱ्याफटक सदऱ्यावर हळूहळू चुण्या उगवू लागल्या. मी श्वास रोखून पाहत होतो. पुढे कित्येक वर्षांनी संगणकावर छायाचित्रे दुरुस्त करण्याचे फोटोशॉप नावाचे साधन पाहिले तेव्हा त्याच्या अवजारांच्या पट्टीत मला ती तारेवरची टिकली आणि तो वळलेला हात दोन्ही चित्ररूपाने दिसले. एकाने उजळ होते, दुसऱ्याने गडद. वापरणाऱ्या पोरांना ती खूण कशाची हे ठाऊक नसते. फळ्यावरच्या डस्टरसारखी ती त्यांना एक खूण आहे, एवढेच.

सगळेच कारागीर असे नव्हते. आमच्या आजीचे एकच चित्र घरात होते, तेही म्हशाच्या यात्रेत, पौषी पौर्णिमेच्या गर्दीत, जनावरांच्या बाजारालगत तंबू ठोकून बसलेल्या कोणा फिरत्या फोटोवाल्याने घेतलेले. पदराखाली अर्धा चेहरा, अर्धा उन्हात. ती गेल्यावर ते जिल्ह्याच्या ठिकाणी एका दुकानात मोठे करायला दिले. तिथल्या कसबी माणसाने निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून पदराची सावली पुसली, गालावरच्या सुरकुत्या पुसल्या, कपाळ गोरे केले, आणि चौकटीत घालून जी बाई आमच्या हाती दिली तिला घरातल्या कोणी ओळखले नाही. वडील एवढेच म्हणाले, "फेरफार चुकीचा झाला." ती चौकट माळ्यावर गेली. सावली काढली म्हणजे माणूस स्पष्ट दिसतो ही समजूत त्या दुकानदाराची एकट्याची नव्हती, आणि ती त्याच्याबरोबर गेलीही नाही.

आता त्या मुलाम्याच्या रीतीकडे येतो. एकाच चित्रावरून एचडीआरचा भास कसा आणतात हे मी टोकावड्याच्या त्या तरुणाकडून समजून घेतले. साधन कोणतेही असो, 1990 साली बाजारात आलेले फोटोशॉप किंवा 1996 साली लोकांच्या हाती आलेले आणि आजही फुकट मिळणारे गिंप, युक्ती तीच. चित्राची एक नक्कल करायची आणि ती मूळ चित्रावर थर म्हणून ठेवायची. नकलेतले रंग काढून टाकायचे, मग ती उलटी करायची, म्हणजे काळे ते पांढरे आणि पांढरे ते काळे. मग ती पुसट करायची, इतकी की डोंगर नुसता डाग वाटावा. आणि शेवटी हा उलटा, पुसट थर खालच्या चित्रात अशा रीतीने मिसळायचा की जिथे थर फिकट आहे तिथे खालचे उजळावे आणि जिथे गडद आहे तिथे दबावे. परिणाम उघड आहे: मूळ चित्रात जिथे अंधार होता तिथे थर फिकट असल्याने अंधारातली झाडे वर येतात, आणि जिथे आकाश जळू लागले होते तिथे थर गडद असल्याने ढग परत उमटतात. श्रीमंताकडून काढून गरिबाला देणे, ते हेच. ही किमया पाहून तो तरुण खूष होता, आणि मीही झालो, पण माझ्या खुशीचे कारण निराळे होते. छपाईचे ठोकळे करणारे जुने कारागीर निगेटिव्हवरून एक फिकी, मुद्दाम अस्पष्ट ठेवलेली उलट प्रत तयार करीत, ती मूळ निगेटिव्हला चिकटवीत आणि दोन्हींतून मिळून प्रकाश सोडीत. त्याला ते मास्क म्हणत. काच गेली, फिल्म गेली, लाल दिवा गेला, आणि ही युक्ती मात्र पाटाखालून पाणी जावे तशी चार पिढ्यांखालून वाहत येऊन एका मुरबाडकराच्या मांडीवरच्या संगणकात निघाली.

तीन चित्रे कालविण्याची खरी रीत अलीकडची आहे, आणि तिचा उगम मात्र कोणाला वाटणार नाही अशा ठिकाणी सापडतो. अणुस्फोटाचे चित्र घ्यायचे तर त्या तेजापुढे कुठलीही फिल्म जळूनच जायची; म्हणून चार्ल्स विकॉफ या अमेरिकन शास्त्रज्ञाने कमी-अधिक संवेदनेचे तीन थर असलेली फिल्म बनविली, ज्यातला एक थर जळाला तरी दुसरा शाबूत राही. संगणकाच्या जमान्यात 1995 मध्ये स्टीव्ह मान आणि रोझालिंड पिकार्ड यांनी वेगवेगळ्या उजेडांची साधी चित्रे एकत्र करण्याची गणिती वाट दाखविली, आणि 1997 मध्ये पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी ती पक्की केली. मलिक मूळचे मथुरेचे, हे सांगितल्याशिवाय माझ्या पिढीच्या माणसाला चैन पडणार नाही. मग 2003 च्या सुमारास याच कामाचे फोटोमॅटिक्स नावाचे साधन आले, 2005 मध्ये फोटोशॉपनेही अशी कालवाकालव आपल्या पोटात घेतली, आणि 2010 नंतर हे सारे मोबाइलमध्ये शिरले. आता तर फोन मालकाला न विचारताच एकामागून एक अनेक चित्रे घेतो, जुळवितो आणि एकच दाखवितो. निवाडा करणारा कारकून पुन्हा डोळ्यामागे गेला. फक्त डोळा आपला राहिला नाही.

पण हजारो पटींचे अंतर गोळा केले तरी ते दाखवायचे त्याच शंभर पटींच्या कागदावर किंवा थोड्या अधिक उजळ काचेवर, तेव्हा शेवटी आवळाआवळ आलीच; आणि या आवळण्याच्या शैलीतूनच तो 'लूक' जन्मला. स्नॅपसीड नावाचे जे साधन आमच्याकडच्या प्रत्येक पोराच्या फोनमध्ये असते त्यात 'एचडीआर स्केप' असा एक कप्पा आहे; त्यात निसर्ग, माणसे, सौम्य आणि कडक असे चार प्रकार, आणि बोट आडवे ओढले की मात्रा वाढते. बोट कोणाचेच मध्ये थांबत नाही. श्रावणात माळशेजचे धबधबे आणि माहुलीचे सुळके यांची जी चित्रे घरोघर फिरतात त्यांत दगडाचे रवे न् रवे मोजता येतात, गवत पोपटी पेटलेले असते, ढग चुलीवरच्या तव्यासारखे काळेकरडे, आणि काळ्या कातळाची धार आकाशाला जिथे भिडते तिथे एक पांढुरकी कड डोंगराच्या अंगाने चाललेली असते. देवाच्या मूर्तीमागे पितळी प्रभावळ असते ना, तशी. आवळताना संगणक प्रत्येक ठिपक्याच्या शेजारपाजाऱ्यांकडे पाहून त्याचा आकार ठरवतो, आणि उजळ व गडद यांच्या सीमेवर त्याचा हिशेब चुकतो. ती चूक म्हणजे ही प्रभावळ. जॉन्सनच्या माणसांभोवतीची कड आणि ही कड, दोन्ही एका घराण्यातल्या.

डोंगराचे हे सोंग मी खपवून घेतो. पाऊस पडलेला माळशेज मुळातच थोडा नाटकी आहे. मला खुपते ते माणसांच्या बाबतीत. मुरबाडच्या एसटी स्थानकासमोर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे जे फ्लेक्स लागतात त्यांवरचे चेहरे या औषधाने लोखंडाचे ओतीव झालेले असतात, ते एक वेळ चालेल, त्यांनी ते पैसे देऊन करवून घेतले आहे. पण पाड्यापाड्यांतून फिरून ठाकूर-कातकऱ्यांच्या म्हाताऱ्यांची चित्रे घेणारी शहरी मंडळी जेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती नांगरटीसारखी खोल करतात, कातडीवर काजळी आणि कडेला चकाकी चढवितात आणि याला 'वास्तव' म्हणतात, तेव्हा मला माळ्यावरची आजी आठवते. तिच्या सुरकुत्या पुसल्या होत्या, यांच्या कोरल्या आहेत. दप्तर एकच, नोंद उलटी. कुडाच्या घरात, चुलीच्या धुराआड, दारातून येणाऱ्या एका तिरीपेत बसलेली म्हातारी अर्धी अंधारात असते, आणि ते अर्धेपण त्या घराचे आहे. त्याची जप्ती करण्याचा हक्क कोणाला? आपल्या भाषेने तर या विद्येचे नावच छायाचित्र ठेवले आहे. इंग्रजांनी त्याला प्रकाशाची लिपी म्हटले, आपण सावलीचे चित्र म्हटले, आणि आता सावलीच त्यात अनधिकृत बांधकाम ठरली आहे.

गुहेतल्या लेखाची गोष्ट वेगळी. तिथे अक्षर वाचता येणे हेच काम आहे, आणि त्या तरुणाच्या तीन चित्रांतून जे एक चित्र निघाले त्यात डाव्या भिंतीवरच्या ओळी इतक्या स्वच्छ होत्या, की भगवानलालांना ते दाखवावे असे क्षणभर वाटले. बाहेरचे कोकणही दिसत होते. वैशाखऱ्याची शेते, धुक्यातली झाडी, सारे. फक्त गुहेच्या तोंडाशी काहीतरी होते. तो चित्रे घेत असतानाच घाटघरकडून एक बाई डोक्यावर मोळी घेऊन खाली उतरत होती, आणि पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या कळेच्या मधल्या वेळात ती त्या उजेडातून आरपार गेली. त्यामुळे ती चित्रात तीन ठिकाणी होती आणि कुठेच धड नव्हती. एका जागी मोळी आणि हात, दुसऱ्या जागी लुगड्याचा काठ, तिसऱ्या जागी नुसती धुरासारखी उभी रेघ, तिच्यातून मागचा डोंगर दिसणारी.

"याला घोस्ट म्हणतात," तो म्हणाला, "काढता येतं. यातली कुठली तरी एक ठेवायची किंवा सगळ्याच घालवायच्या." आणि त्याने माझ्याकडे पाहिले.

माझे लक्ष पाठभिंतीकडे गेले. तिथे एके काळी सिमुक, सातकर्णी, नागनिका आणि त्यांचे राजपुत्र यांच्या उठावाच्या मूर्ती होत्या; त्या झिजून गेल्या आहेत आणि त्यांची नावे तेवढी वर ओळीने उरली आहेत. मी त्याला विचारले, त्या बाईला ओळखतोस का. तो म्हणाला, ओळखतो की, रोज उतरते, वैशाखऱ्याच्या बाजारात मोळी विकते. मग त्याने संगणक मिटला, घोडीचे पाय आवळले आणि मला म्हणाला, "चला काका, मुरबाडची शेवटची गाडी चुकेल." उतरताना वाटेत ती आम्हाला भेटली. मोळी दगडाला टेकवून, झाडाच्या सावलीत बसली होती.